सातवं प्रकरण

विश्रांतवाडी, पुणे
१४ जानेवारी २००१

चि. अनिरुद्धास,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी मिळाली. तू पाठवलेली प्रत शाळेतल्या बाईंनी नेली. ती काही परत यायची नाही, म्हणून बुधवार पेठेत जाऊन आणखी एक घेतली. दुकानदाराला म्हटलं, लेखक माझा धाकटा भाऊ आहे. तो म्हणाला, मग त्यांच्याकडेच मागायची होती.

या महिन्यात ग्रंथालयातून दोन कादंबऱ्या आणल्या होत्या. एकीत नायक अमेरिकेहून परत येतो आणि तीनशे पानं नुसता उदास असतो. दुसरीत सगळे इतकं शहाणपणाचं बोलतात की कुणाला भूकच लागत नाही. तुझ्या कादंबरीत माणसं जेवतात, भांडतात, बाबांची सायकल पंक्चर होते. बाबा दारात उभे राहिल्यासारखे वाटले. 

पण सातवं प्रकरण! मुलाला पाचवीची पुस्तकं मिळावीत म्हणून आई पेठेतल्या एका घराच्या मागच्या दारी पदर पसरते, घरातली बाई लांबून पुस्तकं फेकते, आई ती वेचत रडते. हे कधी झालं रे? आपली आई हॉस्पिटलात आया होती. तिनं कुणापुढे पदर पसरल्याचं मला तरी आठवत नाही.

काचबिंदूनं तिचे डोळे गेल्यापासून मीच तिला वाचून दाखवते. तुझं पुस्तक ऐकायची तिला घाई झाली आहे. उद्या सुरू करणार. सातव्याचं काय करू ते लगेच कळव. फोन करू नकोस, ती शेजारीच बसलेली असते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई,
सत्यशीला

बंगळूर
२२ जानेवारी २००१

ती. ताईस,
सविनय जय भीम.

पत्र ऑफिसात मिळालं. इथे सगळा कारभार ई-मेलवर. माझ्या हातात आंतरदेशीय पाहून शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

ताई, कादंबरीतली आई म्हणजे आपली आई नव्हे. तू मराठी शिकवतेस, तुला हे मी सांगायला नको. ती पुस्तकं कुठून आली ते मला खरंच ठाऊक नाही. एका संध्याकाळी ती घरात होती, एवढंच आठवतं. जिथे आठवण नव्हती तिथे मी ते मागचं दार उभं केलं. तुझ्यापाशी लपवत नाही, पहिल्या खर्ड्यात आई रडत नव्हती. प्रकाशक म्हणाले, इथे वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. मग तिला रडवलं. आता जो भेटतो तो त्याच प्रकरणाचं कौतुक करतो.

आईला ते वाचू नकोस. सहावं संपलं की आठवं सुरू कर, तिला कळणार नाही. मात्र पुढे ती गालगुच्चे घेणारी बाई आली की आई हसते का बघ. आपल्या प्रेमलामावशीवरून घेतली आहे. दर रविवारी येऊन मला मोठ्यानं धडा वाचायला लावायची, आठवतं?

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा,
अनिरुद्ध

विश्रांतवाडी
९ फेब्रुवारी २००१

चि. अनिरुद्धास,
आशीर्वाद.

सातवं गाळलं. आठव्याची दोन पानं होतात न होतात तोच आईनं विचारलं, पोराकडे पुस्तकं नव्हती ना, मग हा वाचतोय काय? मी म्हटलं, दिली असतील कुणीतरी. ती म्हणाली, ते राहिलं असेल, तेच वाच. वाचावं लागलं. संपल्यावर म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं ते लिहिते. प्रेमलामावशी तिच्याच वॉर्डात आया होती. मावशीचा एकुलता संभाजी पाचवी पास झाला आणि मेच्या सुट्टीत काविळीनं गेला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मावशीनं त्याची पुस्तकं तुझ्यासाठी आणून दिली. सगळ्यांवर त्याचं नाव होतं. गेलेल्या मुलाची पुस्तकं म्हणून तू घाबरशील, या भीतीनं आईनं नवी कव्हरं घालून ती नावं झाकली. मावशी रविवारी येत होती ती संभाजीचे धडे ऐकायला. तिला स्वतःला वाचता येत नाही.

आई म्हणाली, मला रडवलं त्याचं काही नाही. पण प्रेमलाला त्यानं हसण्यावारी नेली.

मावशी येरवड्यात पुतण्याकडे असते. तुझं पुस्तक आल्याचं तिच्या कानावर गेलंय आणि ते ऐकायला तिनं आम्हाला अठरा तारखेला बोलावलंय. आई जाऊ म्हणते. माझा पाय उचलत नाही.

ताई

बंगळूर
१६ फेब्रुवारी २००१

ती. ताईस,
जय भीम.

पत्र घेऊन जिन्यात जाऊन बसलो. दुसरी आवृत्ती निघाली तर ते प्रकरण काढून टाकीन. पण तोवर मावशीला पुस्तक वाचून दाखवू नका. काहीतरी कारण सांगा. प्रोजेक्ट एप्रिलअखेर संपेल, मग येतो आणि मीच तिला भेटतो. आईला सांग... नको, काही सांगू नकोस.

अनिरुद्ध

विश्रांतवाडी
२२ फेब्रुवारी २००१

चि. अनिरुद्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं तेव्हा आम्ही जाऊन आलो होतो.

मावशी फार वाळली आहे. धुवट लुगडं नेसून सकाळपासून तयार बसली होती. गालगुच्चेवाली बाई आली तसा मी आवाज उतरवला, तरी तिनं ओळखलंच. केवढी लाजली! पुतण्याच्या बायकोला हाक मारून म्हणाली, अगं, मी आहे यात. आईनं मान खाली घातली. मग मावशीनं मला विचारलं, माझा संभा आहे का गं?

तू नसलेलं लिहिलंस म्हणून मी तुला बोल लावला होता. मी म्हणाले, आहे. सातवं प्रकरण उघडलं आणि पुस्तकाकडे बघत, तिथे नव्हतं ते वाचत गेले. संभाजी नावाचा मुलगा होता, त्याचं अक्षर सुरेख होतं, त्याच्या पुस्तकांवर एक दुसरा मुलगा शिकला, मोठा झाला. चार-पाच वाक्यंच जमली. ती डोळे मिटून ऐकत होती. नंतर नाव कुठे आहे ते दाखव म्हणाली. मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून हात फिरवला आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

परतताना रिक्षात आई म्हणाली, बरं केलंस. मग घर येईपर्यंत माझा हात धरून बसली.

पुस्तक मावशीनं ठेवून घेतलंय. पुतण्याची मुलगी पहिलीत आहे, अक्षरं जुळवत पाट्या वाचते. मावशी कौतुकानं म्हणाली, अजून थोडी तरबेज झाली की तेवढं पान हिच्याकडून रोज वाचून घेईन.

एप्रिलची वाट बघू नकोस. त्याआधी ये.

तुझी ताई