नाव झाकलेले कागद

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

आमच्या वॉर्डात एक पद्धत आहे. पेशंटचे किती दिवस उरलेत, हा अंदाज त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर करत नाही. ज्याने पेशंटला पाहिलेलंच नाही, अशा डॉक्टरकडे नुसते कागद देतात. माणसाचा लळा लागला की आकडा वाढतो.

बाबांचे कागद मी कुणाला दिलेच नाहीत. मी रोज त्यांची दाढी करायचे आणि ते म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, न्हावी म्हणून नाव काढशील!" असंच हसत असताना तुझा फोन आला. "किती वेळ आहे?" मी म्हणाले, "सहा महिने. काम संपवून ये."

बाविसाव्या दिवशी बाबा गेले. तू पोचलास तो सगळं आटोपल्यावर.

काल तेच कागद मी नाव झाकून शेजारच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना दिले. उभ्या उभ्या वाचून ते म्हणाले, "तीन आठवडे."

तू मात्र भेटेल त्याला सांगतोस, "छोटीने जिवाचं रान केलं. इतक्या लवकर होईल हे कुणाला माहीत होतं?"

कागदांना माहीत होतं, दादा.

तुझ्या नजरेला नजर न देणारी,
छोटी