धुतलेली बोरं

शुक्रवार, १२ जानेवारी १९७३. कोल्हार.

चिडावं की काय करावं, अजून कळत नाही. संक्रांतीला बाळाचं पहिलं बोरन्हाण, म्हणून मळ्यातल्या बोरीची टपोरी बोरं वेचून मी पाटीत कोरड्या भुशावर ठेवली होती. मुद्दामच धुतली नव्हती. पाणी लागलं की बोर बुरसतं. आज बघते तर वरचा फडका ओला, आणि खाली सगळी बोरं पांढरी, चिकट.

ओरडणारच होते, तेवढ्यात ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "मीच धुतली गं. लेकराच्या डोक्यावर पडायची, धुळीची कशी चालतील? फडका बी रोज भिजवते, सुकाय नकोत. टिकली न्हवं?"

मोतीबिंदूनं त्यांना आता माणूसही धड दिसत नाही, बुरशी कुठली दिसणार? चुलीपासून तर आम्हीच त्यांना उठवलं. नातवासाठी एवढं एक काम त्यांनी आपणहून शोधलं, आणि तेही... जाऊ दे.

"टिकली की, आत्याबाई," म्हणाले. खोटंच बोलले. दुसरं काय बोलणार होते?

ती बोरं गुपचूप उकिरड्यात पुरली. उद्या बोरीखाली जाऊन नवी वेचीन आणि कोरडीच ठेवीन. वर ताट झाकायचं, आणि ताटावर तो ओला फडका. येता-जाता पाटीवर हात फिरवून बघतात त्या. हाताला गार लागलं पाहिजे.