दोन सीटची लाल गाडी आणि माझा संयम

३ फेब्रुवारी, सकाळी ११
गाडी आली. ओढत आली, पण आली. लाल स्पोर्ट्‌स कार, वय तेहेतीस. सीट दोनच; सल्ला देणाऱ्या तिसऱ्या माणसाला बसायला जागा नको. हे गेल्यापासून मुलीचं एकच पालुपद: आई, एकटी राहू नकोस, घर बंद कर, आमच्याकडे कायमची ये. मी लेखी अट घातली. महिन्याभरात ही गाडी स्वतः दुरुस्त करून, चालवत तुझ्या दारात आणते. आणली तर विषय बंद. नाहीतर मी बॅग भरते. साक्षीदार म्हणून सही करताना जावई हसला. हसू दे.

५ फेब्रुवारी
मॅन्युअल वाचलं. सोपं आहे. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, पेशन्स इज अ व्हर्च्यू. रोज दोन तास काम, शांतपणे. हात उचलायचा नाही.

६ फेब्रुवारी
चाकाचा नट हलेना. अर्धा तास गोडीगुलाबी केली. मग हातोडा. पहिला घाव नटावर, दुसरा मडगार्डवर, तिसरा माझ्या अंगठ्यावर. पुढचे आठ मडगार्डवर, मुद्दाम.

९ फेब्रुवारी, दुपारी ४
नट अजून जागचा हलत नाही. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर कुंपणावर रेलून म्हणाले, मॅडम, तीन दिवस तुम्ही तो आवळताय. पाना हातातून सुटला. त्यांची कुंडी फुटली. ते वेळेवर वाकले नसते तर कुंडी वाचली असती.

१३ फेब्रुवारी
मेकॅनिकला बोलावलं, नुसतं बघायला. गाडीभोवती फिरून म्हणाला, बाई, गंज काढला तर मागे नंबरप्लेट उरेल. म्हटलं, बोनटमध्ये डोकं घाल, तोंड नको चालवू. त्याने घातलं. बोनट टेकवायचा दांडा मी कालच घासायला काढला होता. त्याच्या डोक्याला पाच टाके. तेव्हा तो जे बोलला, ते सिस्टरनी ऐकलं असतं तर जन्मभर बाकावर उभा राहिला असता. बोनटलाही पोचा आलाय, त्याबद्दल चकार शब्द नाही.

१८ फेब्रुवारी
एअर फिल्टरमध्ये उंदीर. जॅकचा दांडा घेऊन त्याच्यामागे धावले. उंदीर सुखरूप. पुढची काच आणि डावा हेडलाइट गेला. वारा छान लागेल.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
इंजिन सुरू झालं! कार्ब्युरेटरमधून भडका उडाला, दोन्ही भुवया गेल्या. चेहरा उलट मोकळा दिसतो. मुलीचा फोन. पोस्टमास्तरांनी चुगली केलेली. म्हणाली, तू गाडीला बडवतेस आणि शिव्या देतेस. सांगितलं, इंग्रजीत देते. त्याला शिव्या म्हणत नाहीत.

१ मार्च
मेकॅनिकचा फोन. यायला तयार नाही. विचारत होता, ब्रेक तपासले का? भित्रा. आधी धावू दे, थांबायचं पुढच्या महिन्यात बघू.

३ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. जिंकले! गाडी स्वतःच्या इंजिनावर मुलीच्या दारापर्यंत आली. मग दारातून आत, चपलांच्या कपाटावरून, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. जावई तिथेच उभा होता. इतकी लांब उडी मारतो हे लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. माझा उजवा हात आणि दोन बरगड्या मोडल्या. स्ट्रेचरवरूनच म्हटलं, विषय बंद. मुलगी रडत म्हणाली, हो ग आई, बंद.

६ मार्च
डॉक्टरांचा हुकूम: सहा आठवडे एकटीने राहायचं नाही. म्हणून मुलीच्या मागच्या खोलीत आहे. तात्पुरती.
दुपारी जावयाने टेम्पोतून माझा पलंग आणला. सहा आठवड्यांसाठी पलंग? मग माझं कपाट उतरवलं. त्यामागून शिवणयंत्र.
पलंग खिडकीपाशी लावायला सांगितला.