ट्रेसिंग क्लॉथचं झबलं

४ जानेवारी
पाटसला पोचले. बंगला प्रसन्न आहे, मागे ऊस, पुढे शेवगा. विद्यापीठाच्या निम्म्या इमारती ज्यांच्या हातच्या, ते वास्तुविशारद बापूसाहेब गेल्या वर्षी वारले. त्यांचे घरगुती आणि कामाचे कागद लावून विद्यापीठाला यादी द्यायची. निवृत्त ग्रंथपालाला आणखी काय हवं? घर सांभाळणाऱ्या वच्छलाबाईंनी चहा देताना विचारलं, एवढी कागदं वाचून ताईंचं डोळं जात न्हाईत का? गेलेलेच आहेत, म्हटलं. खूप हसल्या.
दौंड इथून जवळच. माझी लेक राजनंदिनी तिथे बाळंतपणाचे दिवस मोजते आहे.

६ जानेवारी
वसतिगृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, सगळे जुने नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर. हे निळसर, खळ दिलेलं कापड किती वर्षांनी हातात आलं. बाबा बांधकाम खात्यात होते. रद्द झालेले नकाशे आई गरम पाण्यात भिजवायची. खळ आणि शाई सुटली की तलम सुती कापड उरायचं. कॉन्व्हेंटात माझे रुमाल सगळ्यांत मऊ असत. सिस्टर गालाला लावून बघायच्या.
खासगी ट्रंकेत एक सुटी गुंडाळी मिळाली. वर लिहिलंय, ‘स्वतःसाठी’. एकच खोली, एक दार, खिडकी नाही. पाच इंच बाय चार इंच. म्हातारपणी फुटांच्या जागी इंच लिहिले असावेत. चुकलेला नकाशा, म्हणून यादीत घेतला नाही.

८ जानेवारी
राजनंदिनीला मुलगी झाली. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनेर लागतं. इथे माझ्याकडे जुनं पातळसुद्धा नाही. ती चुकलेली गुंडाळी भिजवली. खळ बुळबुळीत निघाली, नासलेल्या सायीसारखी. आंबूस वास. पाच पाण्यांनी धुतलं. जवळच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास असेल. कापड मात्र लोण्यासारखं. बारीक टाक्यांचं झबलं शिवलं. जावई सत्यजीत कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली शिफ्ट संपवून आला आणि घेऊन गेला. म्हणाला, आमच्या कंपनीच्या वासापुढे हा म्हणजे अत्तर.

१० जानेवारी
हातांचा वास जात नाही. नखांखाली पिवळट चिकटा. काढला की पुन्हा येतो. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि ठेवून दिला.
बापूसाहेबांची रोजनिशी सापडली. शेवटचं पान: ‘सगळ्यांना खोल्या दिल्या. मी कुठे राहू? जागा लहान चालेल, पण ऊबदार हवी.’

११ जानेवारी
वच्छलाबाईंना त्या गुंडाळीचं विचारलं. म्हणाल्या, “सायेब त्या कापडावरच निजायचं, ताई. पाठ सडल्याली. घाम, पू, समदं त्यात. सकाळी म्या खळ घालून इस्त्री करायची, आन् ते परत त्यावर रेघा मारायचं. जाळाया काढलं तवा म्हनले, ऱ्हाऊ दे वच्छला, कुनीतरी धुवून घील.”
मी मोरीत ओकले.
राजनंदिनीला फोन केला, झबलं काढ म्हणून. ती हसली. काल घरी आल्यापासून तेच घातलंय, बाळ अजिबात रडत नाही म्हणे.

१२ जानेवारी
सकाळी तिचा फोन. झबलं निघत नाही. ओढलं की कातडी येते सोबत—
तलम कापडातून बाळाच्या छातीवर निळ्या रेघा दिसतात. डॉक्टर म्हणाले, शिरा आहेत. मी मोजायला लावलं. पाच इंच. चार इंच. दार दिसतं का विचारलं, तर म्हणाली, आई, कसलं दार—

दुपार
रिक्षात. कागदाला बोटं चिकटतात. सत्यजीतचा फोन आला, झबलं आपोआप गळून पडलं. कोरडं, पांढरं. तो आनंदात आहे. बाळ जागं झालंय, नुसतं बघतंय म्हणाला. म्हाताऱ्या माणसासारखं—

दौंड
बाळ माझ्या मांडीवर आहे. तोच आंबूस वास, तिच्या तोंडाला. दूध घेत नाही. छातीच्या मधोमध बारीक उभी फट. कडा ओल्या. मी बोट ठेवलं, जरा दाबलं—
आतून कडी सरकल्याचा आवा—