शांत मासा

नाशिक, ६ जुलै १९९९

चि. दत्तूस आजीचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर घर नंबर लिहायला विसरलास, गल्ली विसरलास, नुसतं 'सुलाबाई मासेवाली, नाशिक' लिहून मोकळा झालास. पोस्टमन माझं गिऱ्हाईक होता म्हणून पत्र पोचलं. आत बघावं तर माशांची दोन पानं अन् तृप्तीच्या दोन ओळी. बायकोला कितवा महिना तेही विसरलास. मी मोजलाय. पाचवा संपत आलाय.

फोन करू नकोस. मी बोलते ते तुला कळतं, तू बोलतोस ते माझ्या कानापर्यंत येत नाही. पत्र बरं. शेजारची रेहाना माझ्या कानात ओरडून वाचते.

तुझा साहेब मस्कत सोडून गेला आणि आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी तुझ्या गळ्यात टाकून गेला, हे समजलं. त्यात जिवंत पोवळी आहेत, तृप्तीला डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय, ती दिवसभर टाकीकडे बघत पडते, हेही समजलं. पण तू आणलेल्या निळ्या माशाने बारक्या माशाला तिच्या डोळ्यांदेखत टोचून मारला, हे मला सोसवलं नाही. दोनदा त्या पोरीची कूस रिकामी झाली. तिच्या समोर आणखी मरण नको रे.

आता विचारतोस, टाकीच्या मधोमध शोभेल असा शांत मासा कोणता घेऊ? चाळीस वर्षं गंगापूर धरणाचे मासे विकले, असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. माझ्या पाटीत आले की सगळेच शांत!

तरी सांगते. कोपरा धरून बसतो तो कोपऱ्यासाठी भांडतो, तो नको. चारा टाकल्यावर पहिला झडप घालतो तोही नको. मधल्या पाण्यात जागच्या जागी पंख हलवत उभा राहतो, दुसरा जवळून गेला तर बाजूला सरतो, तो घे. दुकानात तासभर उभा राहून बघ. तृप्तीला बघायला गेलास तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिलास, ते नशिबाने निभावलं. इथे घाई नको.

माया आहेच. पुढच्या पाकिटावर गल्ली लिही.

तुझी आजी
(सुलाबाईंचा अंगठा)
लिहिणार : शेजारच्या फारुख यांची मुलगी रेहाना


मस्कत, ९ ऑगस्ट १९९९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, तो शांत झाला. काय करू, मला काही सुचत नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दोन शुक्रवार दुकानात उभा राहिलो आणि रुपेरी माशांची जोडी आणली. अंगावर काळे पट्टे, पंखांवर पांढरे ठिपके. टाकीच्या मधोमध उभे राहायचे, कुणाच्या वाटेला जायचे नाहीत. त्यातल्या मोठ्यावर तृप्तीचा जीव जडला. महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

गेल्या बुधवारपासून तो मोठा एका दगडाआड गप्प उभा आहे. काही खात नाही. चारा तोंडाशी आला तरी तोंड मिटून घेतो. दुकानदार म्हणतो आजार असेल, लवकर काढा, नाहीतर टाकी नासेल. त्याच्याकडे तसाच दुसरा सत्तावीस तारखेला येणार आहे. तृप्ती झोपली की गुपचूप बदलून टाकीन म्हणतो.

कारण आजी, काल ती म्हणाली, हा जगला तर आपलं जगेल. मी रागावलो, असं बोलू नये म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून मलाही तसंच वाटतंय. ऑफिसातून घरी आलो की दारातच थांबतो. आधी टाकी बघू की आधी तिला, हेच कळत नाही. सातवा चालू आहे. मागच्या वेळी इथेच सगळं संपलं होतं.

हे मी तुझ्याखेरीज कुणाला लिहू? आशीर्वाद असू दे.

तुझा
दत्तू


नाशिक, १८ ऑगस्ट १९९९

चि. दत्तूस अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पत्राची सुरुवात 'तो शांत झाला' अशी करतात? आपल्याकडे माणूस शांत झाला म्हणजे काय, ते मस्कतला जाऊन विसरलास? रेहाना तेवढं वाचून थांबली. तोंडाला ओढणी लावून बसली. मला वाटलं, तृप्तीच्या पोटातला गेला. म्हटलं, वाच पोरी पुढे, काय असेल ते वाच. तेव्हा कुठे मासा निघाला. यापुढे हा शब्द पत्रात लिहायचा नाही. गप्प लिही, निवांत लिही.

तरी जीव राहीना म्हणून फारुखला तुमच्याकडे फोन लावायला सांगितलं. त्याने चार वेळा लावला. कुणी उचलला नाही. का उचलला नाही, ते मी विचारत नाही. तू लिही.

आता नीट ऐक. त्या माशाला हात लावू नकोस. त्याच्या जबड्याखाली बघ. गळा फुगलाय का? मधूनच तोंडात काही घोळवल्यासारखं करतो का? तसं असेल तर तो आजारी नाही. त्याच्या तोंडात अंडी आहेत.

मला कसं ठाऊक म्हणशील. आपल्या धरणातली चिलापी असंच करते. जाळ्यातून काढून पाटीत टाकली की तोंडातून मोहरीएवढी पिल्लं सांडायची. तोंड उघडलं तर पोरं जातील म्हणून ती खात नाही. तुझे आजोबा अशी चिलापी हाताला लागली की परत पाण्यात सोडायचे. मी भांडायची, भरल्या तोंडाची काय अन् रिकाम्या तोंडाची काय, गिऱ्हाइकाला फरक कळतो का? ते नाव वल्हवत राहायचे. आता देवाजवळ तेवढंच मागते, की त्यांनी सोडलेल्या सगळ्या आज तृप्तीच्या कामी याव्यात.

हे तिला वाचून दाखव. सगळं दाखव, माझं भांडणसुद्धा. आणि माझा अंदाज चुकला, तर चुकला म्हणून लिही. मला फसवू नकोस.

पत्र लवकर निघो, लवकर पोचो.

तुझी आजी
(अंगठा)

दत्तूभाई, हे आजींनी सांगितलेलं नाही, मी माझ्या मनाचं लिहिते. वहिनींना दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून आजींनी मासा तोंडाला लावलेला नाही. विचारलं की दात दुखतो म्हणतात. मला तर त्यांचा एकही दात दिसत नाही.
रेहाना


मस्कत, १२ ऑक्टोबर १९९९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. अजिबात शांत नाही. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय. तृप्ती ठीक आहे. दिवस भरायच्या आधी झाली म्हणून वजन कमी आहे, पण डॉक्टरीणबाई घाबरू नका म्हणाल्या.

फारुखचाचांनी फोन केला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. तृप्तीच्या पोटात दुखायला लागलं होतं, दोन दिवस ठेवून घेतलं. ते दोन दिवस कसे काढले ते लिहवत नाही.

तुझं पत्र सत्तावीसलाच पोचलं. दुसरा मासा पिशवीत घेऊन मी आलो, तर जिन्यात पेटीत तुझं पाकीट. तिथेच उभ्याने वाचलं. वर जाऊन बॅटरी लावली. गळा फुगलेला होता. मग तृप्तीला सगळं वाचून दाखवलं आणि पिशवीतला दुकानात परत देऊन आलो. तिसऱ्या दिवशी टाकीतल्या मोठ्याने तोंड उघडलं. नखाएवढी, आईबापासारखीच पट्ट्यापट्ट्यांची नऊ पिल्लं! तृप्ती रडली, मग मला म्हणाली, आजींना म्हणावं, मी उठले नाही हं, पडूनच बघितलं.

एक राहिलं. या जातीत अंडी तोंडात धरतो तो नर, बाप.

आशीर्वाद असू दे.

तुझा
दत्तू


नाशिक, २१ ऑक्टोबर १९९९

चि. दत्तूस, चि. सौ. तृप्तीस आणि त्या गळा काढणारीस आजीचे अनेक आशीर्वाद.

रेहानाने 'अजिबात शांत नाही' हे तीनदा वाचलं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, तरी वाचू दिलं.

बाप तीन आठवड्यांच्या वर उपाशी राहिला! तुला डब्यात भाजी आवडली नाही तर घर डोक्यावर घ्यायचास. टाकीजवळ रोज थोडा वेळ उभा राहत जा. पोरीचं वजन भरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून दर आठवड्याला लिही, आणि तृप्तीला एवढ्यात पाण्यात हात घालू देऊ नकोस.

माझं सांगून झाल्यावरही मागच्या पत्रात रेहानाचं पेन चालू होतं. मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. तिने काय लिहिलं ते विचारत नाही.

तुम्हा तिघांवर माया आहेच, आता चौथा वाटा त्या माशाचा.

तुझी आजी
(अंगठा)

ता. क. दात बरा झाला. येणाऱ्या कुणाबरोबर खारवलेली सुकी सुरमई पाठव, मोठा तुकडा, डोक्याकडचा.