पौर्णिमेनंतरची पाचवी सकाळ

देवास
२२ डिसेंबर २०२५

ती. विद्युल्लता आत्यास,
अवंतीचा सा. न. वि. वि.

तुझी अट मान्य. कान गेल्यापासून तू फोन घेत नाहीस, आणि तुझ्या शेजारच्या अपूर्वाताईच्या फोनवर मी पाठवलेले निरोप फार तुटक असतात म्हणून वाचत नाहीस. तेव्हा हे पत्र. माझी सगळी शाळा हिंदीत झाली हे ध्यानात ठेव आणि चुका लाल पेनानं गोल करून परत पाठवू नकोस. मास्तरकीतून निवृत्त झालीस ना आता?

बाबांबद्दल लिहायचं आहे. आई जाऊन दहा महिने झाले. कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस, सकाळी खुर्चीत बसतो तो संध्याकाळीच उठतो. आई गेली त्या दिवशी त्यांनी स्वतःचा फोन बंद करून कपाटात टाकला. बोलणं म्हणजे हो, नको आणि राहू दे. मी त्यांना काही कमी पडू देत नाही. विजेचं बिल, गॅस, औषधं, भाजी, सगळं मी ऑफिसात बसल्या बसल्या फोनवरून करते आणि दारात येतं. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या सकाळबद्दल आम्ही दोघं अजून एक अक्षर बोललेलो नाही. त्यांनी विचारलं नाही, माझी सांगायची हिंमत झाली नाही. खरं सांगू आत्या, मला भीती वाटते. आई गेलीच, आता बाबाही घरात असून हळूहळू नाहीसे होतील असं वाटतं.

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. काळजी करू नकोस. फोनवर दिवस काढला, पंडितजी ठरवले, सामानही मागवून झालं. तू थंडीत प्रवास करू नकोस.

माझ्यावर माया आहेच, ती या मराठीमुळे कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
अवंती


धार
२७ डिसेंबर २०२५

चि. अवंतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. चुका सतरा आहेत, पण मी कुठे मोजल्या?

तू गुणाची आहेस, पण सुभाषची तू इतकी सोय करून ठेवली आहेस की त्याला खुर्चीतून उठायचं काही कारणच उरलं नाही. विजेच्या बिलाची खिडकी देवासला अजून उघडते ना? गॅसवाल्याचं दुकान आहे ना? भाजी मंडईत मिळते ना? मग ती कामं त्याच्याकडे जाऊ देत. रोज एक काम तू विसर. सरळ खोटं बोल, फोनवर होत नाहीये म्हणून सांग. पाप लागलं तर माझ्या नावावर लाव.

मी इथं एकटी राहते आणि माझं काही अडत नाही. परवा अपूर्वानं फोनमध्ये बघून मला पाटीवर लिहून दाखवलं की धारमध्ये आज नऊ अंश आहेत. मी तिला खोबरेल तेलाची बाटली दाखवली. आतलं तेल दगड झालं होतं. तेवढ्यावर मी स्वेटर घातला होता, सकाळी सहालाच.

श्राद्धाचा दिवस कोणता निघाला ते मात्र लिहिलं नाहीस. कळव.

खाऊनपिऊन राहा. माझा जीव तुझ्यात आहे हे तुला लिहून सांगायला नको, तरी लिहिते.
तुझी आत्या


देवास
१ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
अवंतीचा सा. न. वि. वि.

आत्या, काय जादू केलीस! सोमवारी मी बाबांना म्हटलं की बिल फोनवर भरलं जात नाहीये आणि आज शेवटची तारीख आहे. त्यांनी बिलाचा कागद हातात घेतला. मग चपला घातल्या. दहा महिन्यांत पहिल्यांदा!

अडीच तासांनी आले. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन खिडकीत उभी होते. बाबांच्या हातात बिलाची पावती, हिरव्या लसणाची जुडी आणि पाव किलो पेरू. रांगेत त्यांच्या मागे कारखान्यातले कृष्णराव उभे होते. त्यांनी माळवी थाटात ‘सुभाष भिया’, म्हणजे सुभाषभाऊ, म्हणत मिठीच मारली म्हणे. दोघं चहाला गेले. रात्री जेवताना बाबा अकरा वाक्यं बोलले. मी मोजली. त्यातलं एक असं होतं की फोनवर मागवलेला लसूण कधी इतका कोवळा नसतो. परवा औषधांना गेले, काल कृष्णरावांकडे. मी हे सगळं दोन मिनिटांत करत होते गं, आणि बाबांचे पूर्ण दिवस खाऊन टाकत होते हे मला कळलंच नाही.

दिवस विचारलास. गेल्या वर्षीच्या मराठी गुरुजींनी कागदावर तिथी लिहून दिली होती, माघ वद्य पंचमी. वद्य म्हणजे कृष्ण, एवढं मला कळतं हं! फोनमध्ये माघ कृष्ण पंचमी टाकली. सात जानेवारी आली, बुधवार. पंडितजींनीही हाच दिवस बरोबर म्हणून सांगितलं.

आशीर्वाद असू दे, सगळं नीट पार पडू दे.
तुझी,
अवंती


धार
११ जानेवारी २०२६

चि. अवंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

देवासहून सुखरूप घरी पोचले. तू म्हणालीस की तिथीची भानगड कागदावर लिहून दे, म्हणजे पुढच्या वर्षी चूक नको. तर लिहिते. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. इथल्या हिंदी पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. वद्य पक्षात मात्र त्यांच्या महिन्याचं नाव आपल्याहून एक घर पुढे असतं. त्यांचा माघ कृष्ण म्हणजे आपला पौष वद्य. तुझा फोन खोटं बोलला नाही, पंडितजीही नाहीत. तू मराठी तिथी हिंदी पंचांगाला विचारलीस. असली चूक करायला माळव्यातलं मराठी माणूसच लागतं. तुझ्या आईचा, कल्पनाचा, दिवस सहा फेब्रुवारीला आहे.

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं आणि मी चटकन उठले. अपूर्वाच्या फोनवरून कळवता आलं असतं. पण आईचा दिवस चुकला हे तुला फोनमध्ये वाचायला लावायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून सहाला सकाळी बसमध्ये बसले. रस्ता माहीत नसताना घर कसं सापडलं ते तू विचारलंस आणि तिथीच्या गडबडीत सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मोटारीतून आले होते, रस्ता काही पाहिला नव्हता. या वेळी इंदूरला बस बदलली आणि देवासला उतरल्यावर प्रत्येक वळणावर एकेकाला विचारलं. ऐकू येत नाही म्हणून काय झालं? रस्ता सांगणारा माणूस हातानंच सांगतो. मी फक्त हात बघत गेले. सात माणसांचे सात हात, अवंती, आणि शेवटचा तुझ्या दाराकडे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला या गावाचं इतकं नवल वाटलं की पाय दुखायचे थांबले.

पंडितजींच्या हातून मासिक श्राद्ध करून घेतलं हे चांगलं झालं. महिन्याच्या त्या तिथीला ते असतंच. काही वाया गेलं नाही, रडू नकोस.

आणि सात तारखेला सकाळी गच्चीवर, ऊन आलेलं असताना मी पश्चिमेला फिकट चंद्र दाखवून पेरांवर पौर्णिमेपासूनचे दिवस मोजले तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चोवीस वर्षांची घोडी, आणि दिवसाउजेडी चंद्र असतो हे माहीत नव्हतं! पण नंतर मी तुझ्याकडे नव्हते बघत. सुभाष मागून वर आला होता. आमचे वडील, आप्पा, असेच बोटांच्या पेरांवर तिथी मोजायचे हे तो आपणहून म्हणाला. मी त्याचे ओठ वाचले. म्हणून त्याला काम दिलं आहे. कल्पनाचा खरा दिवस त्यानं आकाशात बघून सांगायचा. पौर्णिमेनंतरची पाचवी सकाळ. तू मध्ये पडू नकोस, आणि फोन तर मुळीच नको.

मला विसरू नका दोघंही.
तुझी आत्या


देवास
२ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
अवंतीचा सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. बाबा रोज गच्चीवर जातात. अमावास्येनंतर दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, आत्या, स्वतःहून हाक मारली, आणि नखाएवढी कोर दाखवली. मग रोज ती वाढताना आम्ही पाहिली. काल पौर्णिमा झाली. टेकडीच्या बाजूनं एवढा मोठा केशरी गोळा वर आला की खालच्या मुलांनी खेळ थांबवला. मी फोन काढला होता फोटोला, मग तसाच खिशात ठेवला. बाबांनी अंगठा पहिल्या पेरावर टेकवला आणि म्हणाले की उद्यापासून मोजायचं.

अजून त्या सकाळबद्दल बोलणं नाही. पण आता आम्ही शेजारी शेजारी उभे असतो.

लोभ असू दे, आज जरा जास्तच लागणार आहे.
तुझी,
अवंती


देवास
६ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सुभाषचा सा. न. वि. वि.

पत्र लिहून तीस वर्षं झाली असतील. अक्षराला हसू नकोस.

आज कल्पनाचा दिवस नीट झाला. पाचही सकाळी मी ठरल्या वेळेला, सात वाजता, गच्चीवर होतो. पहिल्या दिवशी चंद्र पाण्याच्या टाकीला टेकला होता. मग रोज तो आदल्या दिवसापेक्षा वर, आणि थोडा रोडावलेला. मी जन्मभर यंत्रांवर काम केलं ताई, पण इतकं बिनचूक चालणारं काही पाहिलं नाही. कुणी तेल घालत नाही, कुणी किल्ली देत नाही. आप्पांनी हे लहानपणी दाखवलं होतं आणि मी चाळीस वर्षं मान वर केली नव्हती. आज सकाळी पाचव्या पेरावर अंगठा आला तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. गेल्या वर्षी त्या सकाळी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. कल्पनाच्या रिपोर्टातला एकेक शब्द फोनमध्ये टाकून अर्थ शोधत होतो. कुठे काही उपाय लिहिलेला सापडेल म्हणून. आत गेलो तेव्हा ती गेलेली होती. वर्षभर माझ्या मनात एकच होतं, की अवंतीनं मला हाका मारल्या असणार आणि त्या फोनच्या नादात मला ऐकू आल्या नाहीत. तिला विचारायचा धीर झाला नाही. ती हो म्हणाली असती तर मी कुठे गेलो असतो?

आज गच्चीवर विचारलं. दहा मिनिटं लागली, पण विचारलं. पोर रडायलाच लागली. म्हणाली की तिनं हाक मारलीच नव्हती. ती उठत होती, तर कल्पनानं तिचा हात धरून ठेवला. सांगितलं की बाबांना बोलावू नकोस, ते बाहेर माझ्यासाठी काहीतरी शोधताहेत, शोधू दे त्यांना. आणि हाक मारली नाही म्हणून मी तिला कधीच माफ करणार नाही, असं ती पोर वर्षभर समजून चालली होती. एका घरात राहून ताई, दोन खोल्यांत.

चंद्र फिका होत होत दिसेनासा झाला तरी आम्ही तिथेच बसलो होतो. खाली गुरुजी येऊन बसले होते, त्यांना थांबावं लागलं.

मी कुठे आहे आणि काय करतो आहे, ते कल्पनाला माहीत होतं, ताई. तिला माहीत होतं.

वर्षभर तुझी माया घेतली आणि साधी पोचही दिली नाही. ती आज देतो आहे, पदरात घे.
तुझा धाकटा,
सुभाष