दोन कुलपांची पेटी आणि नियम एकेचाळीस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न पूर्ण, धंदा गाड्यांची दुरुस्ती, महापालिकेच्या वाहन-दुरुस्ती परवान्याचा एकवीस वर्षे अखंड धारक, गल्लीत 'मिलीमीटर' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर आणि चष्मा लावून लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात त्यांनी 'प्रकृती उत्तम, स्वभाव हट्टी' असे लिहिले आहे. दुसरा भाग मी मागितला नव्हता, पण दाखल्यावर खाडाखोड चालत नाही म्हणून राहू दिला.

मला मरायची घाई नाही. हा कागद करण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे, परवान्यात लेकीचे नाव सहधारक म्हणून घालायचे तर मृत्युपत्राची प्रत फायलीला लागते, असे परवाना खात्याच्या खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंनी सांगितले. दुसरे म्हणजे, शेजारच्या बारच्या मालकीणबाईंनी माझ्याकडून एक गोष्ट लेखी मागितली आहे, तीही साक्षीदारांसमोर. ती वाचल्यावरच त्या उत्तर देणार आहेत. प्रश्न लग्नाचा आहे. तपशील कलम सहामध्ये येईल. क्रम सोडून लिहायची मला सवय नाही.

कलम एक. गॅरेज, रुंदी सहा मीटर चाळीस, खोली अकरा मीटर, त्यातला खड्डा, लिफ्ट, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे सामान, तसेच वरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते, सगळे माझ्या एकुलत्या एक लेकीला. तिची आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. टायरच्या चळतीवर बसून पाढे म्हणायची आणि मी गाडीखालून तिच्या चुका सांगायचो. आता मी गाडीखाली असतो आणि ती वर उभी राहून माझ्या चुका सांगते. इंजिनाचा आवाज ऐकून ती रोग ओळखते. हे मी तिला शिकवलेले नाही. मलाही कोणी शिकवले नव्हते. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर जे आले ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून आले.

लिफ्टचा डावा खांब जरा रुसतो. त्याला शिव्या देऊ नयेत, ग्रीस द्यावे.

कलम दोन. परवाना. हा मी कोणालाही देऊ शकत नाही, हे नीट समजून घ्यावे. परवाना माणसाला असतो, जागेला नसतो. माणूस गेला की भिंतीवरची ती चौकट म्हणजे नुसते चित्र. वारसाला तीस दिवसांत नव्याने अर्ज करावा लागतो आणि पंचविसाव्या दिवशी खिडकीवर कोणीतरी म्हणतेच, 'नकाशाची दुसरी प्रत कुठाय?' म्हणून लेकीला मी जिवंतपणीच सहधारक करतो आहे. नकाशाच्या सहा प्रती हिरव्या फायलीत आहेत. वाळूच्या बादल्या चार, जळक्या तेलाची नोंदवही एक, आग विझवण्याच्या नळकांड्याची पावती एक. बादल्यांतली वाळू दर वर्षी चाळावी. त्यात मांजर येते.

माझी नियमावलीची प्रत लेकीने जपून ठेवावी. ती मी रद्दीवाल्याकडून वजनावर घेतली, गाडीच्या सीटचे रेक्झिन लावून हाताने शिवली आणि दोन पावसाळ्यांत पाठ केली. दारूच्या जागा भाग दोन, वाहनांचे धंदे भाग पाच. या शहरात कोणाला बार काढायचा असो की पंक्चरचे दुकान, अर्ज भरण्याआधी तो माझ्याकडे विचारायला यायचा. तर ही प्रत ठेवावी, पण वापरू नये. कारण कलम सहामध्ये.

कलम तीन. धाकट्या भावाला माझ्या पान्यांचा संपूर्ण संच, दहा नंबरचा सोडून. दहा नंबरचा गेली चौदा वर्षे त्याच्याकडेच आहे. "दादा, उद्या आणून देतो," असे म्हणून नेला होता. तो उद्या उजाडला की संच पूर्ण होईल. मनात काही ठेवलेले नाही. फक्त लिहून ठेवले आहे.

कलम चार. माझा पोलादी टेप, पाच मीटर लांबीचा, माजी तपासनीस साहेबांना. परवान्याच्या पहिल्या तपासणीला त्यांनी माझ्या तेलाच्या खड्ड्याचा कठडा अकरा मिलीमीटरने कमी ठरवला होता. मी म्हटले, "साहेब, कठडा बरोबर आहे, तुमचा टेप चुकतोय." ते म्हणाले, "मला शिकवतोस?" मी दोन्ही टेप शेजारी धरले. त्यांच्या टेपच्या टोकाची लोखंडी आकडी बरोबर अकरा मिलीमीटर वाकलेली होती. साहेब म्हणाले, "मिलीमीटर आहेस झालं!" आणि सही केली. ते नाव तेव्हापासून चिकटले. पुढे पंधरा वर्षे ते दर तपासणीला यायचे आणि मी दर वेळी त्यांचा टेप आधी तपासायचो. आता ते निवृत्त आहेत, पण घरातली खिडकीसुद्धा मोजतात. चांगला टेप त्यांच्याकडे असावा.

कलम पाच. पेटी. हे कलम फायलीत वाचणाऱ्याने सावकाश वाचावे.

अकरा वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी शेजारचा बार चालवायला घेतला, परवाना स्वतःच्या नावावर, स्वतः भरलेला अर्ज, एकही चूक नाही. भिंत आमची दोघांची एकच. तिला दार नाही, पूर्वीही नव्हते. माझी गिऱ्हाइके गाडी टाकून वाट बघायला बारमध्ये जाऊन बसू लागली, आणि काम संपेपर्यंत काहींचा तोल संपलेला असायचा. एकदा एक धिप्पाड गिऱ्हाईक माझ्याकडे चावी मागत ओरडू लागला. मी नाही म्हणत होतो, तो ऐकत नव्हता. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आली, हातात ग्लास पुसायचे फडके.

"मास्तर, देऊ नका चावी. यांचं चौथं झालंय."

"बाई, तुम्ही तिसरं म्हणाला होतात," गिऱ्हाईक गहिवरून म्हणाला.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

दुसऱ्याच आठवड्यात मी तीन मिलीमीटर जाडीच्या पत्र्याची पेटी केली आणि सामायिक भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, बोल्टने बसवली. तिला कुलपे दोन. एक चावी माझी, एक मालकीणबाईंची. बारमध्ये बसणाऱ्याने गाडीची चावी आधी पेटीत टाकायची. पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडते, दोघांनी मिळून. मी एकटा नाही म्हटले तर गिऱ्हाईक भांडतो. ती एकटी नाही म्हणाली तर गिऱ्हाईक लाडीगोडी लावतो. दोघांनी एका सुरात नाही म्हटले की गिऱ्हाईक निमूटपणे चालत घरी जातो. दहा वर्षांत आमच्या दारातून गेलेली एकही गाडी कुठे आदळलेली नाही. हा माझा अभिमान आहे आणि तो मी कोणालाही वारशाने देत नाही, अर्धा तिचाच आहे.

माझ्या कुलपाची चावी माझ्यामागे लेकीला. दोन्ही चाव्या कधीही एका हातात येऊ नयेत.

कलम सहा. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी आठ वाजता, कुलपात चावी घातलेली असताना, मालकीणबाई सहज म्हणाली, "मास्तर, आपण लग्न का करत नाही?"

मी चावी फिरवली नाही. म्हटले, "नियम एकेचाळीस."

"म्हणजे काय?"

"एकाच घरात दारू पाजण्याचा परवाना आणि गाड्या दुरुस्तीचा परवाना असेल, आणि दोन्ही जागांची भिंत एक असेल, तर दोन्ही परवाने नूतनीकरणाला अपात्र. तुमचाही जाईल, माझाही."

"नियम बदलत पण असतील की कधी."

"मला तोंडपाठ आहे."

"तुम्हाला पाठ आहे हो. नियमाला माहितेय का ते?"

मी हसलो नाही. ती हसली, पण नंतर विषय तिनेही काढला नाही. तरी सकाळी आठ चुकले नाहीत. कधी पेटीत एकही चावी नसायची, तरी आम्ही दोघेही पेटी उघडून रिकामी असल्याची खात्री करायचो. खात्री करायला कधीकधी अर्धा तास लागायचा.

सहा वर्षांपूर्वी खिडकी तीनच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, नवी नियमावली आलीय. फुकट आहे, न्या एक."

"माझ्याकडे आहे."

"ती जुनी आहे हो."

"जुनं ते सोनं," असे म्हणून मी मागच्या माणसाला पुढे केले. त्याच्या वर्षभर आधी तपासनीस साहेब पेटीपाशी बराच वेळ काहीतरी लिहीत उभे होते. जाताना म्हणाले, "मिलीमीटर, तुझ्यावर एक कागद वर पाठवलाय." मला वाटले, तक्रार. मी शटर ओढून घेतले.

गेल्या महिन्यात लेक सहधारकाचा अर्ज आणायला गेली आणि ती फुकटची नियमावली घेऊन आली. टायरच्या चळतीवर बसून वाचत होती.

"बाबा, एकेचाळीसचं पोटकलम ग वाचलंत?"

"एकेचाळीसला पोटकलम ग नाहीच."

"आहे." आणि तिने मोठ्याने वाचले: परंतु सामायिक भिंतीस दार नसेल, आणि ग्राहकांच्या चाव्या दोन कुलपांच्या पेटीत, दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या ताब्यात राहत असतील, तर वरील अट लागू होणार नाही.

मी पुस्तक हातात घेऊन तीनदा वाचले. हात तेलकट होते, त्या पानावर अंगठा उमटला आहे. अशी पेटी या शहरात एकच आहे आणि तिचे वेल्डिंग मी केले आहे.

"बाबा," लेक म्हणाली, "हा नियम तुमच्यावरूनच केलाय."

मी तसाच शेजारी गेलो. मालकीणबाई बाटल्यांचे खोके मोजत होती. मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरले. तिने वाचले, खोक्यावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "सहा वर्षं! सहा वर्षं मी रोज सकाळी समोर उभी, आणि हे कुलूप बघतायत!"

मी म्हटले, "मग आता?"

"आता लेखी द्या. चुकलात म्हणून."

"तुम्हाला चिठ्ठी देतो."

"चिठ्ठी नको, तुम्ही ती परत मागून घ्याल दुरुस्त करायला. लेकीसाठी मृत्युपत्र करताय ना? त्यात लिहा. साक्षीदारांच्या सह्या घ्या. प्रत पालिकेच्या फायलीत राहू दे, कायमची. ते वाचेन, मग उत्तर देईन."

सबब मी लिहून देतो की, मी चुकलो. नियम बदलला होता. तो माझ्या पेटीमुळे बदलला होता. आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या मी तो वाचायला नकार दिला होता. चुकीचे मोजमाप: सहा वर्षे, एक महिना, अकरा दिवस. हे अंतर मी मोजले असून ते टेपच्या दोषामुळे आलेले नाही. खिडकी तीनच्या बाईंची मी जाहीर माफी मागतो. तपासनीस साहेबांची वेगळी मागत नाही, त्यांना टेप दिला आहे.

कलम सात. मी दुरुस्त करून ठेवलेली दोनशे सीसीची जुनी मोटारसायकल मालकीणबाईंना. उत्तर हो असो वा नाही, ती त्यांचीच. तिची मागची सीट मी आठ वर्षांपूर्वी नवी बसवली. तिच्यावर आजवर कोणी बसलेले नाही. मालकीणबाईंचे म्हणणे आहे की पुढे त्या बसतील आणि मागे मी. यावर चर्चा चालू आहे. या देणगीमुळे त्यांना साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. त्यांनी विचारले, "म्हणजे सगळं घडलं माझ्यासमोर, आणि साक्ष दुसऱ्यांनी द्यायची?" होय. कायदा तसाच आहे. या वेळी मी नवी प्रत बघून सांगतो आहे.

कलम आठ. मी गेल्यावर गॅरेज बंद ठेवू नये. एक दिवस बंद ठेवायचे तर नियम अठ्ठावन्नप्रमाणे तीन दिवस आधी लेखी सूचना लागते, आणि ती वेळेत देणे मला जमेलच असे नाही.

कलम नऊ. हे कलम सह्यांच्या आधी, उभ्याने, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे.

वरील मजकूर काल दुपारी मालकीणबाईंना वाचायला दिला होता. आज सकाळी आठला पेटी उघडली. आत एकच चावी होती. ती त्या मालकाला देऊन झाल्यावर तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या खिशात खोचून आत गेली. कागद म्हणजे परवाना खात्याचा नमुना क्रमांक सतरा: परवानाधारकाच्या कुटुंबातील बदलाची सूचना. अर्जदार, शेजारच्या बारची मालकीण. रकाना तीन, बदलाचा प्रकार: विवाह. रकाना चार, बदलाचे कारण: 'फारच उशीर झाला म्हणून.'

रकाना चार चुकीचा भरला आहे. तिथे 'रकाना तीनप्रमाणे' असे लिहायचे असते. मी पेनाचे टोपण काढले. मग परत लावले. अर्ज जसा आहे तसाच जोडपत्र म्हणून जोडावा आणि कोणीही दुरुस्त करू नये.

लग्नानंतर घरात चाव्यांसाठी खिळे दोन असतील. अंतर मी मोजून घेईन.

स्थळ: गॅरेज, सामायिक भिंतीपासून दोन मीटर दहा.
तारीख: महिन्याची चार, गुरुवार, सकाळचे सव्वानऊ.

(सही) मृत्युपत्र करणारा, गल्लीत मिलीमीटर

वरील सही आमच्यासमोर, हसतहसत पण शुद्धीवर असताना केली:

साक्षीदार एक: (सही) माजी तपासनीस, परवाना खाते. टेप आजच हातात मिळाला, थांबायची गरज पडली नाही; मृत्युपत्रातून मला आता काही येणे नाही, म्हणून साक्ष चालते. तपासला. बरोबर आहे.

साक्षीदार दोन: (सही) खिडकी क्रमांक तीन. माफी पोचली. नमुना सतरा आहे तसा स्वीकारला.